स्कॅनर बीप करतो, पण बिलात माल चढत नाही: बारकोडचा बिघाड नेमका कुठे आहे हे कसे शोधायचे

काउंटरवर बारकोड वाचला गेला नाही की पहिला संशय स्कॅनरवर जातो. वायर काढून पुन्हा लावली जाते, स्कॅनर टेबलावर आपटला जातो आणि दोन-चार दिवसांत नवा मागवला जातो. नवा आला तरी तेच पाकीट तसेच अडते, कारण दोष बऱ्याचदा स्कॅनरमध्ये नसतोच. मालाच्या यादीत कोड चुकलेला असतो, कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो, नाहीतर लेबल छापतानाच बिघडलेले असते.

लेबलापासून बिलापर्यंत बारकोड पाच ठिकाणांहून जातो: छापील रेघा, स्कॅनरची काच आणि सेन्सर, वायर आणि कॉम्प्युटर, सॉफ्टवेअरमधला रकाना आणि शेवटी मालाची यादी, म्हणजे आयटम मास्टर. यातल्या कुठे तो अडला हे आधी ठरवा, मगच सेटिंगला हात लावा. अंदाजाने सेटिंग बदलत गेलात तर चालू असलेली गोष्टही बंद पडते आणि मूळ दोष कोणता हे शेवटपर्यंत कळत नाही.

## आधी नोटपॅड उघडा

दुकानातला यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरच्या लेखी साधा कीबोर्ड असतो. तो रेघा वाचतो, त्यातले आकडे भराभर टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. वस्तूचे नाव, भाव, जीएसटी यातले काहीच पाकिटावरच्या त्या रेघांत नसते. ते सगळे सॉफ्टवेअर त्या आकड्यावरून यादीत शोधते. त्यामुळे स्कॅनर काय टाइप करतोय हे सॉफ्टवेअरच्या बाहेर पाहिले की अर्धा निकाल लागतो.

१. बिलिंग सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि नोटपॅड उघडा. खाली उजव्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा इंग्रजी आहे का ते बघा.
२. कंपनीचा छापील बारकोड असलेली, न चुरगळलेली वस्तू घ्या. साबणाचा खोका किंवा टूथपेस्टचा खोका उत्तम. स्वतः छापलेले लेबल या चाचणीला घेऊ नका.
३. १० ते १५ सेंटीमीटर अंतरावरून, थोडा तिरका धरून स्कॅन करा. पाच-सहा वेळा करा.
४. रेघांखाली छापलेला आकडा आणि नोटपॅडमध्ये उमटलेला आकडा ताडून बघा. अंक मोजा. बहुतेक मालावर ते १३ असतात. प्रत्येक स्कॅननंतर कर्सर पुढच्या ओळीवर गेला पाहिजे.

आता जे दिसेल त्यावरून पुढची वाट ठरते. प्रकाशच पडत नसेल तर वीज आणि वायर. प्रकाश पडतो पण बीप नाही, तर लेबल किंवा काच. बीप होतो पण नोटपॅड कोरा, तर स्कॅनर कीबोर्डच्या मोडमध्ये नाही. आकडा येतो पण चुकीचा किंवा अपुरा, तर कीबोर्ड आणि स्कॅनरची सेटिंग. आणि नोटपॅडमध्ये सगळे बिनचूक येऊन बिलात येत नसेल, तर स्कॅनरला दोष देणे थांबवा आणि सॉफ्टवेअरकडे वळा.

शेजारच्या काउंटरवर दुसरा स्कॅनर असेल तर अदलाबदलही करून बघा. अडणारी वस्तू दुसऱ्या स्कॅनरवर चालली तर पहिल्या स्कॅनरकडे बघायचे; तिथेही अडली तर वस्तूकडे किंवा यादीकडे.

## प्रकाश पडत नाही, किंवा मधूनच बंद होतो

स्कॅनर थेट कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा. स्वस्त हबला (एका यूएसबी पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीला) प्रिंटर, माउस, पेन ड्राइव्ह आणि स्कॅनर एकत्र लोंबत असतील तर स्कॅनरला पुरेशी वीज मिळत नाही. तो बीप करता करता बंद पडून पुन्हा चालू होतो. हब लागणारच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या.

पुढे वायर. ती मुठीत शिरते त्या जागी दिवसभर वाकते आणि आतून तुटते. स्कॅनर स्थिर धरून तिथली वायर हलकेच हलवा. दिवा लुकलुकला तर वायर गेली. पुष्कळ मॉडेलमध्ये ही वायर वेगळी निघते: मुठीच्या तळाला छोटे भोक असते, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप दाबली की क्लिप सुटते. नवी वायर त्याच मॉडेलची घ्या. टोक लॅनच्या वायरसारखे दिसले तरी आतली जोडणी वेगळी असते.

दुपारच्या शांत वेळेनंतर पहिला स्कॅन घेत नाही अशी तक्रार असेल तर विंडोजची वीजबचत बघा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट या टॅबवर जा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढा. रूट हब एकापेक्षा जास्त दिसतील, सगळ्यांची काढा.

## बीप होतो, पण नोटपॅड कोरा

यूएसबी स्कॅनर कीबोर्ड म्हणून चालतो तसा व्हर्च्युअल कॉम पोर्ट म्हणूनही चालतो, म्हणजे आकडे टाइप न करता वेगळ्या पोर्टवरून पाठवतो. कुणी चुकून मॅन्युअलमधला एखादा सेटिंग बारकोड स्कॅन केला की मोड बदलतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्कॅनर कीबोर्डच्या यादीत न दिसता पोर्ट्सखाली दिसत असेल तर हेच झाले आहे. मॅन्युअलमधला यूएसबी कीबोर्डचा कोड स्कॅन करा. वायरलेस असेल तर तो आपल्या बेसला किंवा डोंगलला जोडलेला आहे का ते बघा. दोन काउंटरचे स्कॅनर अदलाबदल होऊन एकाचे आकडे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पडणे हा प्रकार गर्दीत सहज होतो. प्रत्येक स्कॅनरवर आणि त्याच्या बेसवर एका रंगाची, दुसऱ्या जोडीवर वेगळ्या रंगाची टेप लावून ठेवा.

काहीच जमले नाही तर फॅक्टरी रीसेट. हा कोड त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधला हवा. झेब्राचा कोड हनीवेलला किंवा टीव्हीएसला चालत नाही. मॅन्युअलचे पान कागदावर पूर्ण आकारात छापा. लेझर स्कॅनर मोबाइलच्या पडद्यावरून सहसा वाचत नाही. पानावर शेजारीशेजारी अनेक कोड असतात, म्हणून नको असलेले कागदाने झाकून एकच उघडा ठेवा. रीसेटनंतर काही मॉडेलमध्ये शेवटचा एंटरही जातो. तो वेगळा कोड स्कॅन करून परत चालू करावा लागतो.

## आकडे येतात, पण भलतेच

मराठीत नावे टाइप करणाऱ्या दुकानात ही अडचण वारंवार येते. कॅशिअर ग्राहकाचे नाव मराठीत लिहितो, कीबोर्ड तसाच राहतो आणि पुढचा स्कॅन मराठी लेआउटमधून जातो. मग इंग्रजी आकड्यांऐवजी देवनागरी आकडे किंवा चिन्हे उमटतात. सॉफ्टवेअरच्या लेखी देवनागरी ८ आणि इंग्रजी आठ ही दोन वेगळी अक्षरे आहेत, त्यामुळे माल सापडत नाही. लेबलावर इंग्रजी मोठी अक्षरे के आणि पी असतील तर इन्स्क्रिप्ट लेआउटमध्ये तिथे ख आणि झ उमटतात. बिलाच्या रकान्यात असे विचित्र मराठी अक्षर दिसले की दुसरे काही शोधत बसू नका.

तात्पुरता उपाय म्हणजे विंडोजचे बटण आणि स्पेस एकत्र दाबून भाषा इंग्रजीवर आणणे. कायमचा उपाय दोन प्रकारे होतो. नावे दुसऱ्याच खिडकीत टाइप होत असतील तर सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे जाऊन प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत वापरण्याची टिक लावा. नावे आणि बारकोड एकाच सॉफ्टवेअरमध्ये पडत असतील तर स्कॅनरच्या मॅन्युअलमध्ये ऑल्ट मोड किंवा कीपॅड एम्युलेशन शोधा. त्यात स्कॅनर ऑल्ट दाबून कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांतून अक्षराचा क्रमांक टाइप करतो, त्यामुळे भाषेचा लेआउट आड येत नाही. हा मोड थोडा हळू चालतो आणि त्याला नम लॉक चालू लागते.

बाकीचे दोष त्यांच्या खुणांवरून लगेच ओळखू येतात:

- लहान अक्षरे मोठी आणि मोठी लहान होत असतील तर कॅप्स लॉक चालू आहे.
- १३ ऐवजी प्रत्येक वेळी नेमके १२ अंक येत असतील आणि शेवटचाच गळत असेल, तर स्कॅनरमध्ये चेक डिजिट, म्हणजे कोड तपासण्याचा शेवटचा अंक, पाठवण्याचे सेटिंग बंद आहे.
- कधी ११, कधी १२, आणि गळणारा अंक दर वेळी वेगळा असेल, तर स्कॅनर टाइप करतोय त्या वेगाने सॉफ्टवेअर घेत नाही. ब्राउझरमधले बिलिंग आणि रिमोट डेस्कटॉप इथे हे जास्त होते. दोन अक्षरांमधला विलंब १० ते २० मिलिसेकंद ठेवा.
- आकडा बरोबर, पण कर्सर त्याच ओळीवर राहतो: एंटर जोडलेला नाही. कर्सर लांब उडी मारतो: एंटरच्या जागी टॅब आहे. कुठला हवा हे सॉफ्टवेअरवर अवलंबून असते.
- क्रोममध्ये स्कॅन करताच डाउनलोडचे पान उघडते: स्कॅनर एंटरबरोबर लाइन फीडही (नव्या ओळीचे चिन्ह) पाठवतोय, आणि तो कंट्रोल आणि जे म्हणून पोहोचतो. शेवटी फक्त एंटर ठेवा.
- स्टँडवरच्या स्कॅनरखाली एक वस्तू दोनदा चढते: तोच कोड पुन्हा वाचण्याआधीचा विलंब ५०० ते १००० मिलिसेकंद करा. फार वाढवू नका, नाहीतर ग्राहकाने खरोखर दोन साबण घेतले तर दुसरा चढणार नाही.

अँड्रॉइड टॅबवर स्कॅनर जोडला की पडद्यावरचा कीबोर्ड गायब होतो, कारण टॅबला खरा कीबोर्ड जोडल्यासारखे वाटते. फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड दाखवत राहण्याचा पर्याय असतो, तो चालू करा.

## नोटपॅडमध्ये बरोबर, बिलात मात्र नाही

पहिल्यांदा कर्सर बघा. स्कॅनर कीबोर्ड असल्यामुळे कर्सर जिथे असेल तिथेच तो लिहितो. नगाच्या रकान्यात कर्सर असताना स्कॅन झाला तर १३ अंकी नग पडतात आणि बिल लाखो कोटींत जाते. हे निदान डोळ्यांना दिसते तरी. सवलतीच्या किंवा शेऱ्याच्या रकान्यात पडलेला आकडा कुणाच्या लक्षातही येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीवरच्या नगांना कमाल मर्यादा घालता येत असेल तर ती जरूर घाला. प्रत्येक स्कॅननंतर कर्सर बारकोडच्या रकान्यात परत येईल असा पर्यायही बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतो.

कर्सर ठीक असूनही आयटम सापडत नाही असा संदेश आला, तर आयटम मास्टरमध्ये तीच वस्तू नावाने शोधा आणि तिच्यासमोरचा कोड नोटपॅडमधल्या कोडाशी अंकागणिक ताडा. टॅली वापरणारे अनेकजण बारकोड अलायसच्या रकान्यात भरतात, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला स्वतंत्र जागा असते. तो योग्य रकान्यात आहे ना, हेही इथेच कळते. कोडाच्या शेवटी रिकामी जागा आहे का ते बघायला रकान्यात एंड बटण दाबा. कर्सर शेवटच्या अंकाला चिकटून न थांबता एक घर पुढे थांबला तर तिथे स्पेस दडलेली आहे.

### एक्सेलने बिघडवलेले कोड

मालाची यादी एक्सेलमधून आयात केली असेल तर सर्वांत आधी इथे बघा. एक्सेल साध्या फॉरमॅटमध्ये ११ अंकांपर्यंतचा आकडा पूर्ण दाखवतो. १२ अंकांपासून पुढे तो ८.९०१२३ई+१२ असा आखडून दाखवतो. सेलच्या आत आकडा अजून शाबूत असतो. पण त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साध्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केली की दिसतो तसाच मजकूर जातो आणि मागचे अंक कायमचे पुसले जातात. मग एकाच कंपनीच्या वीस वस्तूंना एकच कोड पडतो आणि बिस्किट स्कॅन केले की चहा पावडर चढते.

दुसरी गंमत शून्याची. अमेरिकेतून आलेल्या चॉकलेट, सॉस, ओट्स यांच्यावर १२ अंकी यूपीसी (तिकडचा बारकोड) असतो आणि तो शून्याने सुरू होऊ शकतो. एक्सेल तो शून्य खातो. त्यातच काही स्कॅनर यूपीसी १२ अंकी पाठवतात, तर काही पुढे एक शून्य जोडून १३ अंकी. दुकानात दोन वेगळ्या कंपन्यांचे स्कॅनर असतील तर एका काउंटरवर माल सापडतो आणि दुसऱ्यावर नाही. सगळ्या स्कॅनरवर एकच पद्धत ठेवा, आणि ज्या पद्धतीने स्कॅनर पाठवतो तसाच कोड यादीत भरा.

दुरुस्ती अशी करा:

१. नवीन कोरी एक्सेल शीट घ्या, बारकोडचा स्तंभ आधी निवडून त्याचा फॉरमॅट टेक्स्ट करा, मग कोड भरा.
२. आलेली सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूतून टेक्स्ट किंवा सीएसव्हीचा पर्याय घेऊन आत आणा आणि बारकोडच्या स्तंभाला टेक्स्ट प्रकार द्या.
३. सीएसव्ही तयार झाल्यावर ती नोटपॅडमध्ये उघडून कोड डोळ्यांनी बघा. एक्सेलमध्ये पुन्हा उघडून तपासले तर तोच घोळ परत होतो.
४. ज्यांचे अंक पुसले गेले ते परत आणता येत नाहीत. ती वस्तू हातात घेऊन पुन्हा स्कॅन करूनच कोड भरा.

हाताने टाइप केलेला कोड बरोबर आहे का हे शेवटच्या अंकावरून तपासता येते. ८९०१२३४५६७८९० हा नमुना घ्या. डावीकडून पहिल्या १२ अंकांतले विषम जागांवरचे अंक मिळवा: ८, ०, २, ४, ६, ८, बेरीज २८. सम जागांवरचे मिळवा: ९, १, ३, ५, ७, ९, बेरीज ३४, आणि तिला ३ ने गुणा: १०२. दोन्हींची बेरीज १३०. पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी तो तेरावा अंक. १३० स्वतःच दहाची पट आहे म्हणून तो ०. गणित जुळले नाही तर कोड टाइप करताना चुकलाय. सुरुवातीच्या ८९० चा अर्थ इतकाच, की हा क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतला आहे. माल कुठे बनला हे त्यातून कळत नाही.

### एकच बारकोड, दोन एमआरपी

आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापावी लागते आणि कंपनीने भाव बदलला तरी बारकोड बहुधा तोच राहतो. शेल्फवर जुना आणि नवा माल शेजारी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा असंख्य वस्तूंच्या बाबतीत एकाच वेळी हे घडले. रेघांमध्ये एमआरपी नसते, तेव्हा इथे स्कॅनर कितीही चांगला असला तरी त्याला दोन्ही पाकिटे सारखीच.

उपाय यादीतच करावा लागतो. वस्तू एकच ठेवा आणि तिच्याखाली एमआरपीनुसार वेगवेगळे बॅच उघडा. स्कॅन झाल्यावर एकापेक्षा जास्त एमआरपी शिल्लक असतील तर निवडीची खिडकी उघडेल असा पर्याय चालू करा. तो त्रासाचा वाटतो म्हणून बंद ठेवला जातो आणि मग सॉफ्टवेअर शेवटची एमआरपी गुपचूप लावते. जुन्या पाकिटावर नवी चढी एमआरपी लागली तर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले जातात, आणि तो कायद्याने गुन्हा आहे. जुना माल संपला की त्या बॅचचा साठा शून्य करून तो बंद करा, म्हणजे खिडकी उगाच उघडत नाही. नव्या एमआरपीसाठी तीच वस्तू दुसऱ्या नावाने पुन्हा उघडू नका. दोन वस्तूंना एक बारकोड झाला की साठा कायमचा विस्कटतो.

### वजनाची लेबले

काट्यातून निघणाऱ्या सुट्या मालाच्या लेबलावर सहसा २ ने सुरू होणारा १३ अंकी कोड असतो. २० ते २९ हे उपसर्ग दुकानाच्या अंतर्गत वापरासाठीच राखलेले आहेत. २१०००४५००७५०२ हा कोड बघा: २१ उपसर्ग, ०००४५ वस्तूचा क्रमांक, ००७५० वजन ग्रॅममध्ये, शेवटचा २ चेक डिजिट. सॉफ्टवेअरला हे तुकडे कुठे तोडायचे ते सांगावे लागते. न सांगितल्यास ते संपूर्ण आकडा यादीत शोधते आणि माल सापडत नाही. मधल्या पाच अंकांत वजन आहे की किंमत हेही काट्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच हवे. काटा ७५० ग्रॅम पाठवतोय आणि सॉफ्टवेअर ते पैशांत वाचतेय, तर साखर ७ रुपये ५० पैशांना जाते. काट्याची मांडणी ठरवली की पाच वेगवेगळ्या वजनांची लेबले काढून बिलाशी ताडल्याशिवाय ती काउंटरवर वापरू नका.

## स्वतः छापलेली लेबले

दुकानात छापलेल्या लेबलांची गडबड बहुतेक वेळा मापात असते. साधा लेबल प्रिंटर २०३ डीपीआयचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरला ८ ठिपके, एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. सर्वांत बारीक रेघ पूर्ण ठिपक्यांचीच असू शकते: २ ठिपके म्हणजे ०.२५, ३ म्हणजे ०.३७५. डिझाइनमध्ये बारकोड माउसने ओढून जागेत बसवला की रेघेला अडीच ठिपके लागतात. प्रिंटर मग काही रेघा २ च्या आणि काही ३ च्या काढतो. डोळ्याला लेबल सुंदर दिसते, स्कॅनरला मात्र रुंदीचे प्रमाण जुळत नाही. म्हणून बारकोड चित्र म्हणून चिकटवू नका. लेबल सॉफ्टवेअरचा स्वतःचा बारकोड घटक घ्या, त्याची बारीक रेघ २ किंवा ३ ठिपके अशी आकड्याने ठरवा आणि छापताना आकार १०० टक्केच ठेवा.

आता ३८ मिलिमीटर रुंदीचे लेबल घ्या, कापड दुकानात आणि जनरल स्टोअरमध्ये चालते ते. त्यावर अक्षरे-आकडे मिसळलेला १० घरांचा कोड १२८ (अक्षरे आणि आकडे दोन्ही घेणारा बारकोडचा प्रकार) छापायचा आहे. प्रत्येक अक्षराला ११ एकके (एक एकक म्हणजे सर्वांत बारीक रेघेची रुंदी, इथे २ ठिपके), सुरुवातीला ११, तपासणीला ११, शेवटाला १३, मिळून १४५ एकके. ०.२५ ने गुणले की ३६.२५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना १०-१० एकके कोरी जागा हवी, ते ५ मिलिमीटर. एकूण ४१.२५. लेबलात तो बसतच नाही, कडेची कोरी जागा खाल्ली जाते आणि स्कॅनरला कोड कुठे सुरू होतो तेच कळत नाही. तोच कोड ८ निव्वळ अंकांचा ठेवा. कोड १२८ अंकांच्या जोड्या करून एका घरात दोन अंक बसवतो, म्हणून ७९ एककांत काम होते: १९.७५ मिलिमीटर, कोरी जागा धरून २४.७५. त्याच लेबलात ऐसपैस. अंतर्गत कोडांत फक्त अंक वापरावेत आणि त्यांची संख्या सम ठेवावी, ती यासाठी.

ईएएन-१३ चा, म्हणजे पाकिटांवरच्या नेहमीच्या १३ अंकी बारकोडचा, प्रमाण आकार कोरी जागा धरून ३७.२९ मिलिमीटर रुंद आणि २५.९३ मिलिमीटर उंच आहे. ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ एकके कोरी हवीत. कपडे, खेळणी, सुटा माल यांना मनाने ८९० ने सुरू होणारे क्रमांक देऊ नका, ते उद्या कुठल्यातरी खऱ्या वस्तूशी टक्कर घेतील.

छपाई फिकी असेल तर डार्कनेस एकेका पायरीने वाढवा आणि वेग कमी करा. डार्कनेस फार वाढवला की रेघा पसरून मधल्या फटी बुजतात, तेही वाचले जात नाही. लेबलांवर लांबीच्या दिशेने बारीक पांढरी रेघ सतत येत असेल तर प्रिंटर बंद करून, हेड गार झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसा. तरीही रेघ तिथेच राहिली तर हेडचा तेवढा ठिपका जळालाय. नवे हेड येईपर्यंत डिझाइनमध्ये बारकोड ९० अंशांत फिरवा. सरळ असताना ती पांढरी रेघ एखादी संपूर्ण काळी पट्टी खाते. फिरवल्यावर ती सगळ्या पट्ट्यांना एकाच उंचीवर छेदते आणि वरखाली भरपूर वाचण्याजोगी जागा उरते.

रिबनशिवाय (शाईच्या पट्टीशिवाय), नुसत्या उष्णतेने छापली जाणारी थर्मल लेबले उन्हात, उष्णतेत आणि तेलाच्या हातांनी उडतात. फरसाण, लोणची, काचेशेजारचा शेल्फ इथे रिबनवाली लेबले वापरा. पन्नी किंवा प्लास्टिकच्या लेबलांना साधी वॅक्स रिबन धरत नाही, नखाने खरवडली की निघते. तिथे वॅक्स-रेझिन लागते.

## कंपनीचा छापील बारकोड, तरी वाचत नाही

आधी स्कॅनरची काच मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसा. पीठ, हळद, मसाल्याची पूड तिच्यावर रोज बसते. द्रव थेट काचेवर फवारू नका.

चकचकीत पाकिटावर स्कॅनर काटकोनात धरला की प्रकाश उलटून तोंडावर येतो. १५ अंश तिरका करा. काउंटरवर थेट ऊन येत असेल तर जागा बदला. दुधाच्या पिशवीवरचे पाणी पुसून रेघा दोन बोटांनी ताणून धरा. लाल प्रकाशाच्या स्कॅनरला लाल किंवा नारिंगी रेघा पांढऱ्यासारख्याच दिसतात; तिथे आकडा टाइप करावा किंवा स्वतःचे लेबल लावावे, दुसरा मार्ग नाही.

कधी स्कॅनर भलताच कोड उचलतो. पारदर्शक वेष्टनातल्या फॅमिली पॅकमध्ये आतल्या सुट्या पुड्याचा बारकोड दिसतो आणि चारच्या पॅकला एकाचा भाव लागतो. माल शेल्फवर लावतानाच आतला कोड साध्या स्टिकरने झाका. बॉक्सवरचा १४ अंकी कोड हा संपूर्ण खोक्याचा असतो; त्याला वेगळे युनिट आणि आतल्या नगांची संख्या यादीत द्यावी लागते. या आयटीएफ कोडाची लांबी स्कॅनरमध्ये १४ अशीच बांधून ठेवा, नाहीतर तिरक्या स्कॅनमध्ये तो अर्धाच वाचला जातो. पुस्तकांवर ९७८ ने सुरू होणाऱ्या कोडाशेजारी छोटा जोडकोड असू शकतो. तो मिसळत असेल तर ॲड-ऑन बंद करा.

क्यूआर वाचणारा स्कॅनर पाकिटावरच्या जाहिरातीचा क्यूआर उचलून वेबसाइटचा पत्ता बिलात टाइप करतो. औषध दुकानात हे फार होते, कारण १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे आणि त्यात उत्पादनाची, बॅचची, मुदतीची माहिती एकत्र असते. सॉफ्टवेअर तो मजकूर तोडून घेऊ शकत नसेल तर स्कॅनरमध्ये क्यूआर बंद करा, किंवा नेम धरलेल्या मधल्या बिंदूवरचाच कोड वाचण्याचे सेटिंग चालू करा.

## सपोर्टला फोन करण्याआधी

"स्कॅन होत नाही" एवढेच सांगितले तर समोरचा माणूस पुन्हा वायरपासून सुरू करतो. त्याला या गोष्टी हाताशी द्या: स्कॅनरचे मॉडेल, नोटपॅडमध्ये उमटलेला नेमका आकडा, पाकिटावर छापलेला आकडा, आयटम मास्टरमधला आकडा, सॉफ्टवेअरच्या संदेशाचा फोटो, आणि अडचण सगळ्या मालाला आहे की ठरावीक वस्तूंना. स्कॅनरच्या सेटिंगचे पान एकदा नीट जमले की प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून काउंटरखाली ठेवा, आणि कुठले कोड कुठल्या क्रमाने स्कॅन केले ते त्याच्यावर पेनाने लिहा. साबणाच्या खोक्यावरचा कोड दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर, नवी वायर लावून आणि रीसेट करूनही वाचला जात नसेल, तर मात्र नवा स्कॅनर घ्यायला हरकत नाही.